जुन्या बी-२७५ ला एका ओळीचं मका काढायचं यंत्र जोडावं का?

मोटार_भरणारा (विटा)

राम राम मंडळी. ट्रॅक्टरातलं मला कळतं ते वायरिंगपुरतं. विट्यात मोटारी भरायचं दुकान आहे, पॉवरलूमच्या आणि विहिरीवरच्या. शेती थोरला बघतो. प्रश्न अडाण्यासारखा वाटला तर सांभाळून घ्या.

घरी एक इंटरनॅशनल बी-२७५ आहे. मूळचा लाल, आता विटकरी म्हणायचा. आमचे चुलते गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, लुधियानाकडे. आमच्या खानापूर-आटपाडी भागात घरटी एक माणूस गलाईला बाहेर असतो हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. १९७८ साली चुलत्यांनी तिथल्या एका सरदारजीकडून हा वापरलेला ट्रॅक्टर घेतला आणि रिकाम्या परतणाऱ्या ट्रकात घालून गावी पाठवला. म्हणजे मुंबईत कांदिवलीला बनला, पंजाबात राबला आणि परत महाराष्ट्रात आला. सोबत चिठ्ठी होती, त्यात दोनच ओळी. हीटर धरल्याशिवाय सेल्फ मारू नका, आणि उधारीवर नांगरट करू नका. पहिली आबांनी पाळली. दुसरी कधीच नाही. अजून दोन घरांकडे नांगरटीचे पैसे आहेत.

तेव्हा गावात हा एकच ट्रॅक्टर. रान कोरडवाहू, बाजरी, हुलगा, पाऊस बरा झाला तर शाळू. मका विहिरीकडेच्या अर्ध्या एकरात, तोही घरच्या जनावरांसाठी. ढीग घालून सगळ्या बायका गोल बसायच्या. एक जण दाभणानं कणसाची एक ओळ मोकळी करून पुढे सरकवायची, मग बाकीच्या अंगठ्यानं सोलायच्या. रात्री आईच्या अंगठ्याला खोबरेल लावलेलं असायचं. १९९० च्या आसपास आबांनी एक जुनं मका सोलायचं यंत्र आणलं, ट्रॅक्टरच्या पुलीला पट्टा लावून चालायचं. दुसऱ्याच वर्षी त्यात आबांची उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. यंत्र आबांनी विकलं नाही. गोठ्यामागे पडून आहे.

टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून चित्र बदललं. आता साडेतीन एकर मका असतो, चार तुकड्यांत. जूनमध्ये पेरलेला मका ऑक्टोबरात काढायला येतो, आणि नेमकी तेव्हाच द्राक्षाची छाटणी सुरू होते. सगळी माणसं बागेत. दोष कुणाला देणार, बागवाला रोख देतो आणि काम सावलीतलं. गेल्या वर्षी आमचा मका ताटावरच वाळून कणसं खाली वाकली, डुकरांनी निम्मा एकर आडवा केला.

थोरल्यानं यावर उपाय शोधलाय. सीमेपलीकडे एक जण एका ओळीचं, ट्रॅक्टरनं ओढायचं मका काढणी यंत्र विकतोय. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालतं, कणीस मोडतं, सोलपट काढतं आणि मागच्या ट्रॉलीत टाकतं. एक लाख दहा हजार सांगतोय. थोरल्याचं म्हणणं, बी-२७५ सहा वर्षं नुसता उभा आहे, त्याला जागा करू आणि हे जोडू. नवीन ट्रॅक्टरला हप्ता, याला नाही.

माझे प्रश्न: एवढा जुना ट्रॅक्टर हे ओढेल का? आमच्या ओळी ६० सेंटीमीटरवर आहेत, चालतील का? आणि खरं विचारायचं ते हे, की यात हात जायची भीती किती? थोरला म्हणतो नवीन यंत्रं सुरक्षित असतात. हे काही नवीन नाही. त्याला नको म्हणायचं तर माझ्याकडे भीतीशिवाय कारण नाही, आणि भीतीला तो हसतो.

मिरजेचा_फिटर

वायरमनसाहेब, ताकदीची काळजी सोडा. पस्तीस घोड्यांचं चार सिलिंडर इंजिन आहे, एका ओळीचं यंत्र त्याला जड नाही. हाय-लो मुळे पहिला लो गिअर मुंगीच्या पावलानं चालतो, तेही बरं. माझ्या उस्तादांनी मला शिकवलं ते याच इंजिनावर. डोळे झाकून उघडता येतं.

आधी जागा कसा करायचा ते. सहा वर्षं उभा आहे म्हणजे थेट सेल्फ मारायचा नाही. नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल मिसळून सोडा, चार दिवस तसंच राहू द्या. मग हातानं फिरतंय का बघा. फिरलं तर निम्मं काम झालं. टाकी उतरवून धुवा, तळाला चिखलासारखं काळं बसलेलं असणार. डिझेल फिल्टर नवा. मग फीड पंपानं एअर काढत बसा, घाई करू नका. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते, विशेषतः गोठ्याच्या दमट जागेत. ट्रॅक्टर हलला नाही म्हणून गिअरबॉक्सला शिव्या देऊ नका, आधी क्लच बघा. हीटर प्लग तुम्ही स्वतःच तपासाल, ते तुमचंच काम.

आता मुद्द्याचं. तुमचा सिंगल क्लच आहे की डबल? हे बघितल्याशिवाय यंत्राला एक रुपया देऊ नका. सिंगल असेल तर क्लच दाबला की चाकं थांबतात आणि पीटीओही थांबतो. मका काढणीत उलटं लागतं. समोर ताटं दाटली की ट्रॅक्टर थांबवायचा आणि यंत्र फिरत ठेवायचं, म्हणजे ते आपोआप गिळून मोकळं होतं. सिंगल क्लचवर हे करायचं तर क्लच दाबा, गिअर न्यूट्रल करा, क्लच सोडा. तेवढ्यात यंत्र एकदा थांबलेलं असतं आणि अडकलेलं आणखी घट्ट बसतं. मग ड्रायव्हर खाली उतरतो.

आणि दुसरी खोड. आत जड काही फिरत असेल तर क्लच दाबूनही ते शाफ्टमधून ट्रॅक्टरला पुढे ढकलतं. बांधाजवळ वळताना हे फार वाईट. त्यासाठी ओव्हररनिंग कपलर मिळतो, पण तो फक्त ढकलणं थांबवतो, दाटणं नाही.

एक विचारतो, राग मानू नका. आबांचं झालं तेव्हा क्लच पायानं धरून ठेवला होता का कुणी? माझ्याकडे आलेल्या अशा चार गोष्टींत तीन वेळा तेच होतं. पुली किंवा पीटीओचा लिव्हर काढायचा कंटाळा, म्हणून पोराला वर बसवून 'दाबून धर' म्हणायचं.

फलटणचा_गोठेवाला

यंत्र वगैरे ठीक आहे, पण म्हशींना विचारलंत का? ते यंत्र कणीस घेतं आणि ताट चेंगरून मागे टाकतं, वर ट्रॉलीचं चाक. साडेतीन एकराची वैरण मातीत.

आम्ही तर कणसं काढायचंच सोडलं. दाणा चिकात असताना अख्खं झाड कापायचं, कुट्टी करायची, दाबून मुरघास. रान पंधरा-वीस दिवस आधी मोकळं होतं. पोल्ट्रीवाल्याला दाणा घालायचा असेल तर तुमचं तुम्ही बघा. आणि डुकरांना चिकातला मका जास्त आवडतो, हे आधीच सांगून ठेवतो.

कराडकर_आयोवात

मी मूळचा कराडजवळचा, गेली अकरा वर्षं अमेरिकेत आयोवा राज्यात. नोकरी सॉफ्टवेअरची, पण जुन्या ट्रॅक्टरांचं वेड आजोळहून आलेलं. ही चर्चा वाचून राहवलं नाही, कारण फिटरभाऊंनी जे लिहिलंय ते इथल्या लोकांनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी हात देऊन शिकलंय.

इथे माउंट प्लेझंट नावाच्या गावात सप्टेंबरच्या सुरुवातीला 'ओल्ड थ्रेशर्स' नावानं जुन्या यंत्रांची जत्रा भरते, १९५० पासून. जत्राच म्हणायची. पुसेगावला जशी खिलारं बघायला माणसं लोटतात, दात मोजतात, वशिंडावर हात फिरवतात, तशीच इथली म्हातारी माणसं जुन्या फार्मॉल ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात फिरवतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला घर आठवलं.

आधी इथेही सगळं हातानंच होतं. तळहातावर चामड्याचा पट्टा, त्याला लोखंडी आकडा. आकड्यानं सोलपट फाडायचं, कणीस मोडायचं आणि न बघता शेजारून चालणाऱ्या गाडीत फेकायचं. गाडीच्या पलीकडच्या बाजूला उंच फळ्या लावलेल्या, कणीस त्यांवर आपटून आत पडतं. घोडे नुसत्या हाकेवर चार पावलं पुढे सरकतात. चांगला गडी दिवसाला शंभर बुशेल काढायचा. दाण्याच्या हिशेबात बुशेल म्हणजे २५ किलोच्या वर थोडं, म्हणजे एका माणसानं पंचवीस क्विंटल दाण्याची कणसं. १९२४ पासून याच्या स्पर्धा व्हायला लागल्या, ८० मिनिटांच्या. त्या सुरू करणारा हेन्री वॉलेस हा शेतीच्या साप्ताहिकाचा संपादक, पुढे अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. त्यानंच १९२६ मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, आणि गंमत अशी की हातानं मका काढणारे त्याचे गडी यंत्रानं हटवले त्यात या बियाण्याचाही वाटा होता. जुना गावरान मका लोळायचा. यंत्राला उभं ताट लागतं, आणि संकरित मका उभा राहायचा.

यंत्राचं काम सोपं आहे. जमिनीलगत दोन तिरपे रोलर उलटसुलट फिरतात, ताट त्यांच्यामध्ये खाली ओढलं जातं, कणीस जाड असल्यानं वर अडकून मोडतं. पुढे सोलपट काढणारे रोलर, मग वर चढवणारी साखळी, मग गाडी. एका ओळीचं ओढायचं आणि दोन ओळींचं ट्रॅक्टरलाच बसवायचं, असे दोन प्रकार जास्त चालले. बसवायचं म्हणजे ट्रॅक्टर त्यात पार बुडून जातो, हंगाम संपेपर्यंत दुसऱ्या कामाला मोकळा नाही. इंजिनाच्या गरम पाइपाशेजारी वाळलेला पाचोळा, त्यामुळे आगीही लागायच्या.

आता हाताचं. ताटं ओली असली, सकाळचं दव असलं, तण माजलेलं असलं की रोलर दाटतात. शेतकरी एकटा. खाली उतरतो, यंत्र बंद केलं तर अडकलेलं सुटत नाही म्हणून चालू ठेवतो, आणि बाहेर लोंबणारं ताट धरून ओढतो. रोलरनं ते ताट अचानक पकडलं तर माणसाला मूठ उघडायची उसंत मिळत नाही. बोट सोडा म्हणेपर्यंत मनगट गेलेलं असतं. इथल्या जुन्या पिढीत असा माणूस माहीत नाही असं गाव सापडणं कठीण. जत्रेत एका आजोबांनी माझ्याशी डाव्या हातानं हस्तांदोलन केलं. मी उगाच काही विचारलं नाही, त्यांनीच उजव्या बाहीकडे बघून 'पिकर' एवढंच म्हटलं. मका काढायच्या यंत्राला इथे हेच म्हणतात.

फिटरभाऊ म्हणतात तो सिंगल क्लच हाच यातला मोठा गुन्हेगार. कॅनडातल्या कॉकशट कंपनीनं १९४६ साली आपल्या ३० नंबरच्या ट्रॅक्टरला चाकांपासून वेगळा, सतत फिरणारा पीटीओ दिला, मग हळूहळू बाकीच्यांनी दिला. तरी शेतात जुनेच ट्रॅक्टर वीस-वीस वर्षं चालत राहिले, जसा तुमचा. पुढे १९५४ मध्ये जॉन डिअरनं कम्बाइनला मक्याचं तोंड बसवलं आणि दाणा शेतातच निघायला लागला. कणसं साठवायच्या फटीफटींच्या लाकडी कोठ्या ओस पडल्या. आता त्यात लोक जुनी सायकल ठेवतात.

तुमच्या ओळींबद्दल: इथे तेव्हा ओळी ४० इंचांवर असायच्या, घोड्याच्या अंगाच्या मापानं ठरलेल्या. साधारण एक मीटर. तुमच्या ६० सेंटीमीटरमध्ये ओढायचं यंत्र एक ओळ काढताना शेजारची ओळ ट्रॅक्टरच्या चाकाखाली घालणार. निदान ७५ सेंटीमीटर तरी ठेवावं लागेल. शिवाय प्रत्येक तुकड्याच्या कडेच्या ओळी आणि वळायची जागा आधी हातानंच मोकळी करावी लागते. साडेतीन एकर चार तुकड्यांत, म्हणजे हातानं काढायचंच किती उरेल ते मोजून बघा. मला वाटतं थोरल्या भावाला पटेल असं कारण भीतीत नाही, या हिशेबात आहे.

कुंडलचा_म्हातारा

पोरांनो, टाइप करायला नातू बसलाय. चुकलं तर त्याचं.

आमच्या गावाशेजारी किर्लोस्करवाडी १९१० ला वसली. आमचे आजे सांगायचे, लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर आला तेव्हा माणसं म्हणायची की लोखंडानं जमीन नासते. नंतर त्याच माणसांनी नंबर लावले. तेव्हा यंत्राला भिऊन बसू नये, हे एक.

दुसरं. आमच्याकडे पैरा असायचा. आज तुझा मका, उद्या माझा. आता सगळ्यांनाच एका आठवड्यात काढायचंय आणि कुणाचा कुणावर पैरा नाही. ते यंत्र घेतलंस तर तू एकटाच रानात असशील. अमेरिकेतल्या पोरानं लिहिलंय ना, शेतकरी एकटा. ती ओळ मी दोनदा वाचायला लावली.

मोटार_भरणारा (विटा)

सगळ्यांचे आभार. आठ दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं.

रविवारी झाकण उघडून बघितलं. सिंगल क्लच आहे.

फिटरभाऊ, तुम्ही विचारलंत क्लच कोण धरून होतं. मी होतो. अकरा वर्षांचा. आबा म्हणाले, 'एवढं एक कणीस काढतो, दाबून धर.' सीटवर बसून पाय पुरत नव्हता म्हणून मी उतरून दांडी धरून उभा राहिलो होतो, पायावर सगळं अंग टाकून. किती वेळ धरला ते आठवत नाही. पट्ट्याचा आवाज आठवतो. आबांनी नंतर सगळ्यांना सांगितलं की पट्टा सरकला. ते जाईपर्यंत तेच सांगत राहिले, आणि मीही तेच.

परवा रात्री तुमची सगळी उत्तरं थोरल्याला वाचून दाखवली. क्लचपाशी आल्यावर हेही सांगितलं. तो बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, 'म्हणून तू ट्रॅक्टरवर बसत नाहीस होय. मला वाटायचं तू शिकलेला म्हणून.' बास, एवढंच.

मग हिशेब केला. कडेच्या ओळी आणि वळणं धरली तर चार तुकड्यांत मिळून एकराच्या वर मका हातानंच काढावा लागतो. थोरल्यानं स्वतःच फोन करून यंत्र नको सांगितलं. कुंडलच्या बाबांचं ऐकून शेजारच्या दोन घरांशी पैऱ्याचं बोलणं झालंय, मका पुढेमागे पेरायचा म्हणजे एकदम काढायला येणार नाही. एक तुकडा मुरघासाला. फलटणकर, डुकरांचं बघतो.

बी-२७५ मात्र जागा करायचाच आहे, कारण सोलायला यंत्र लागणारच. गोठ्यामागचं काढून धुतलं. आत अजून दाणे निघालेल्या कणसाचं एक बुरकुंडं अडकलेलं होतं, काळं पडलेलं. ड्रम ठीक आहे, बेअरिंग गेलीत.

आता माझा प्रश्न, आणि हा खरोखर माझ्या कामातला आहे. इंजिनाची स्टॉपची वायर ओढली की डिझेल तुटतं. ती सोलायच्या यंत्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला यावी, अशी लांबवायची आहे. अंतर साधारण बारा फूट, पट्टा मध्ये धरून. सायकलच्या ब्रेकची केबल जोडून नेली तर चालेल का?

मिरजेचा_फिटर

सायकलची नको, ताणून लांबते आणि जोडावर अडकते. टेम्पोच्या अ‍ॅक्सिलरेटरची घ्या, सलग लांब मिळते. वाकणाला मोठा गोल द्या, काटकोन नको. इंजिन बंद झालं तरी ड्रम थोडा वेळ फिरतो, तेव्हा पट्टा ढिला सोडायला एक लिव्हरही करून घ्या, लोहाराकडून होईल.

आणि मूठ डाव्या हाताला बसवा. उजवा आत असतो.